भाजीवाली कोण, बिस्किटवाली कोण

...आणि वर म्हणे पालक खा! उकडलेला! मीठ नावापुरतं, तेल चमच्यानं, आणि साखर तर शेजारणीच्या डब्यातसुद्धा बघायची नाही! अहो, असे बघता काय, तुम्हालाही ह्याच दारामागच्या डॉक्टरनं सांगितलं असणार. सांगितलं ना? बघा, ह्या मफलरवाल्या आजोबांनी मान हलवली. नाही हलवली? मग ती आपोआप हलत असेल, असू द्या. सरका जरा, मला इथं टेकू द्या, इथून दार दिसतं. त्या दाराआड माझी बहीण परीक्षेला बसलीय, आणि माझा जीव असा टांगणीला लागलाय म्हणून सांगू... नाही, सांगतेच. सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल, आणि ते आधीच काही कमी नाही!

तुम्हाला सांगायला मला भीती नाही. का म्हणजे? अहो, हा विसरणाऱ्यांचा दवाखाना! तुम्ही संध्याकाळपर्यंत सगळं विसरणार! आणि तुमच्याबरोबर आलेली जी धडधाकट माणसं आहेत, ती मोबाईलमध्ये मुंडकं घालून, कानात बुचं घालून बसलीत. गुपित सांगायला ह्याच्याहून चांगली जागा जगात नाही. फक्त ती काउंटरवरची मुलगी... ती नखं रंगवतेय, चालेल.

तर ऐका. आत बसलीय ती माझी थोरली बहीण. पण कागदावर ती मी आहे. आणि मी इथं बसलेय ती धाकटी, पण कागदावर मी थोरली. हा राखाडी स्वेटर तिचा, आणि तिच्या अंगावर माझा लाल. थांबा, थांबा, चक्कर येऊ देऊ नका, पहिल्यापासून सांगते.

आम्ही जुळ्या. ती अर्धा तास आधी आली म्हणून थोरली, मी धाकटी, घरात दुसऱ्या नावानं कोणी हाक मारलीच नाही. तोंड एक, कान एक, डाव्या भुवईतला भोवरासुद्धा एक. आई लोकांचे कपडे शिवायची, आणि बाप कामावर कमी, कामाच्या शोधात जास्त. मग दोघींना शाळेत घालायचं कसं? दोन गणवेश, दोन दप्तरं? आईनं काय केलं, एकीचंच नाव घातलं! थोरलीचं. आणि एक दिवस ती जायची, एक दिवस मी. गणवेश तोच, वेणी तशीच, नाव तेच. चार वर्षं बाईंना पत्ता नाही! एवढंच म्हणायच्या, "ही मुलगी एक दिवस गुणी असते, आणि एक दिवस हिच्या अंगात वारं शिरतं!" वारं म्हणजे मी. म्हणून आमचं शिक्षण निम्मं निम्मं झालं. बेरीज शिकवली माझ्या दिवशी, वजाबाकी तिच्या दिवशी. मला आजतागायत काही वजा करता येत नाही, हे बघा ना अंगावरचं!

पुढं लग्नं झाली, नवरे आले, नवरे गेले. एका वाक्यात उरकते, कारण त्यांनीही तसंच उरकलं. थोरली बाजारात भाजीच्या गाळ्यावर बसली, आणि मी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायला. आता मला सांगा, भाजीवालीच्या घरी काय शिजतं? जे विकलं गेलं नाही ते! पालक, कोबी, गाजरं, मुळ्याचा पाला... तिच्या ताटात इतकं हिरवं असायचं की शेळी दारातून हेव्यानं बघायची. आणि बिस्किटवालीच्या घरी? मोडकी बिस्किटं! मोडकं बिस्किट विकता येत नाही, ते कामगारांनी न्यायचं. आता बिस्किटं इतकी मोडायची कशी? अहो, पट्टा जरा धक्के देत चालायचा... माझ्या कोपराचे.

आणि मी चेष्टेखोर! जन्माची! कारखान्यात एक अख्खा खोका भरला, त्यात सगळी बिस्किटं पालथी. साहेबांच्या खुर्चीवर चुऱ्याची पिशवी, वर रुमाल... बसले की चर्रर्र! साहेब लाल झाले, मी म्हटलं, "चेष्टा केली!" चेष्टा केली म्हटलं, की सुटलं! माझी आयुष्यभराची किल्ली आहे ती, कुठलंही कुलूप उघडायची.

आता हा आतला डॉक्टर. पोरगाच आहे, पण डोक्यावर केस कमी म्हणून लोक विश्वास ठेवतात. तो म्हणाला, दोघी जुळ्या आहात, मला नळीत थुंकी द्या. मी म्हटलं, "डॉक्टर, बाहेर 'थुंकू नये' ही पाटी तुम्हीच लावलीय ना?" थोरलीनं मला कोपर मारलं. थुंकलो. मग काही दिवसांनी बोलावून अगदी हळू आवाजात, जसं काही आम्ही झोपलोय आणि आम्हाला उठवायचं नाहीये, असं सांगायला लागला, "आजी, तुम्ही अगदी एकसारख्या जुळ्या आहात. तुमच्या अंगात जो मजकूर लिहिलाय तो अक्षरन् अक्षर एक. आणि त्यात एक जीन आहे, तो ज्यांच्याकडे असतो त्यांना हा विसरण्याचा आजार व्हायचा धोका जास्त. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. तुमच्याकडे दोन्ही आहेत." मी म्हटलं, "बघा! बापानं काही ठेवलं नाही म्हणून जन्मभर रडलो, आणि ठेवलं होतं की!"

थोरली हसली नाही. ती आईचा विचार करत होती. आमच्या आईला हेच झालं होतं हो. तेव्हा त्याला असलं नावबिव नव्हतं, म्हातारी चळली म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. शेवटी शेवटी आईला वाटायला लागलं, आपल्याला एकच मुलगी आहे. मी जाऊन बसायचे, उठून यायचे, मग थोरली जायची, तर आई तिला म्हणायची, "अगं, आत्ताच तर गेलीस, काय विसरलीस?"

...हं. काय सांगत होते? जीन. डॉक्टर पुढं म्हणतो, "पण जीन म्हणजे निकाल नाही हं आजी. होईलच असं नाही. खाणं कसं, चालणं किती, झोप, रक्तदाब, सगळ्याचा वाटा असतो. आणि ज्यांच्यात हा जीन आहे त्यांना खाण्याचा फरक कदाचित इतरांपेक्षा जास्तच पडतो, असं आता दिसायला लागलंय." मी म्हटलं, कळलं! पीठ एक, साचा एक, पण भट्टीत कुठल्या कडेला ठेवलं त्यावर कोण करपणार ते ठरतं. डॉक्टर इतका खूश झाला, "आजी, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू का?" म्हटलं, सांग बाबा, पण त्यांना बिस्किटं देऊ नकोस.

आता म्हणाल, मुळात आम्ही इथं आलोच कशाला? भाच्यामुळं. थोरलीचा मुलगा, एकुलता एक. मला मूलबाळ नाही, तेव्हा दोघींमध्ये मिळून तो एक. लिफ्ट दुरुस्त करतो. थोरली आणि मी एकत्र राहतो, दोन खोल्यांत, आणि तो दर दोन दिवसांनी डोकावतो. वाईट नाही हो पोरगा! पण लिफ्टवाल्याचं डोकं कसं चालतं? जरा कुठं कुरकुर आवाज आला की बंद करा, दाराला पाटी लावा, माणसं आत अडकायच्या आधी! तर तो एकदा आला, आणि घरात ही धुराची गर्दी, भांड्याचा कोळसा, गॅस चालूच. भाचा ओरडला, "कोणी ठेवलं हे?"

थोरली म्हणाली, "मी."

झालं! आवाज आला, पाटी लागली! आईला डॉक्टरकडं, आईची परीक्षा, आईला जीन, आईच्या जुळ्या बहिणीलाही जीन, पण मावशीचं काय, मावशी ठणठणीत, मावशी तर चेष्टा करत हिंडतेय! थोरलीची परीक्षा झाली. डॉक्टर म्हणाला, "काठावर आहेत. तीन महिन्यांनी परत बघू. तोवर दोघींनीही भाजी, फळं, डाळी, रोज चालणं. पण ह्या जर खाली गेल्या, तर घरात दोघी म्हाताऱ्याच, हे बरं नाही." आणि भाच्यानं एक संस्था बघून ठेवली. गावाच्या टोकाला. पांढऱ्या चादरी, गुळगुळीत फरशी, आणि दाराला कडी बाहेरून. तिथं खाट एक.

एक! अहो, आईच्या पोटात आम्ही दोघी एका जागेत राहिलो, आणि आता ह्या वयात एक खाट मिळतेय तर तीही एकीला! थोरली गेली तर मी त्या दोन खोल्यांत काय करू? भिंतीची चेष्टा करू? आणि जन्मभर जिनं पाला चघळला तिलाच ह्यानं गाठावं? मी साखरेची पोती रिचवली आणि मी ठणठणीत! हा कुठला न्याय! मी डॉक्टरला विचारलं, तर म्हणाला, "भाजी खाल्ली नसती तर कदाचित खूप आधी झालं असतं, आजी. कोण सांगणार?" मी हसले. तेव्हा हसले. ते वाक्य घरी जाताना जिन्यात आठवलं, आणि माझा पाय पायरीवरच राहिला. तिच्याकडं तेच पीठ, तोच साचा. ती पाला खाऊन काठावर. मग मी... बिस्किटं खाऊन...? छे! म्हटलं, मी ठणठणीत!

तर तीन महिन्यांनी थोरलीची परत परीक्षा. मी ठरवलं, ह्या खेपेला मी जाणार! शाळेत चार वर्षं बाईंना फसवलं, हा तर टकलू पोरगा! तिचा राखाडी स्वेटर चढवला, तिचा चष्मा घातला, तोंड जरा भाजीवालीसारखं आंबट केलं, आणि तिच्या नावानं जाऊन बसले. भाच्यालासुद्धा कळलं नाही! "आई, घाबरू नकोस," म्हणाला. मी म्हटलं, बाळा, तुझी आई आज पहिली येणार!

परीक्षा घेते ती एक बाई आहे, आवाज असा की तापलेल्या दुधावर फुंकर. "आजी, तुमचं नाव काय?" मी ठासून सांगितलं... माझं! स्वतःचं! अहो, सत्तर पावसाळे जे नाव लावलं तेच तोंडातून येणार ना! बाई हळूच म्हणते, "ते तुमच्या बहिणीचं ना, आजी?" गेला एक गुण. नवरा काय करायचा? सांगितलं माझ्याच नवऱ्याचं. गेला आणखी एक. ते म्हणा वेशांतराच्या माथी मारता येतं. मग म्हणे शंभरातून सात वजा करत जा. मी म्हटलं, बाई, वजाबाकी थोरलीच्या दिवशी झाली! ती म्हणते, "थोरल्या तुम्हीच ना?" घ्या! गेला!

इथवर मला मजा वाटत होती हो. मग म्हणे घड्याळ काढा. गोल काढला, झकास, बिस्किटासारखा. आणि आकडे भरायला लागले तर बारा, एक, दोन, तीन... सगळे उजवीकडंच गर्दी करून बसले, जसं काही त्या बाजूला चहा वाटतायत. डावी बाजू रिकामी! मी बघतेय, काहीतरी चुकलंय हे दिसतंय, पण काय ते सापडेना. आणि मग ते पाच शब्द. आधीच सांगून ठेवले होते तिनं, नंतर विचारीन म्हणाली होती. तिनं विचारलं. मी म्हटलं, बादली... जिना... आणि पुढं? पुढं काही नाही! कपाट उघडावं आणि मागची भिंत दिसावी, तसं! बाई म्हणते, "एक पक्षी होता बघा." म्हटलं, कावळा? "नाही, पोपट."

पोपट!

तुम्हाला सांगते, मी कशावरही हात ठेवून शपथ घेतली असती, त्या खोलीत पोपट असं कोणी, कधी, म्हणजे कधीच म्हणालं नव्हतं. मला वाटलं, ही बाई माझी चेष्टा करतेय. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करणाऱ्याचं तोंड मला कळतं, मी जन्मभर ते आरशात बघितलंय. ती करत नव्हती.

डॉक्टरनं भाच्याला सांगितलं, "मागच्यापेक्षा बऱ्याच खाली आल्यात." भाच्यानं माझा हात धरला आणि लिफ्टमध्ये नेलं, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवली. त्याला येतं ना थांबवता! आणि रडला. "आई, मी काय करू ग?" म्हणून. आणि मी त्याची आई नव्हे! माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं... चेष्टा केली म्हणावं. चेष्टा केली म्हटलं, की सुटलं! नाही म्हणता आलं. पहिल्यांदा त्या कुलपाला किल्ली लागेना.

घरी आले. थोरली गाजरं किसत बसली होती. मी म्हटलं, "थोरले, तुला मी बुडवलं ग. तुझ्या नावावर मी नापास झाले. तुझ्यापेक्षाही खाली." तिनं किसणी ठेवली. म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझं."

"कधीपासून?"

"इस्त्री फ्रिजमध्ये सापडली ना, तेव्हापासून. सगळे हसले, म्हणाले, केली वाटतं मावशीनं परत चेष्टा. पण ती चेष्टा इतकी बेचव होती, धाकटे, तुझी असणं शक्यच नव्हतं."

घ्या! डॉक्टरच्या नळ्या राहिल्या बाजूला, बहिणीनं चवीवरून ओळखलं! आणि खरं सांगू तुम्हाला? ती इस्त्री मी ठेवली होती का, मला माहीत नाही. लोक हसले, म्हणून मीही हसले, म्हटलं, हो, मीच केली! नाहीतर काय म्हणू? शेजारच्या इमारतीत त्याच मजल्यावर जाऊन एका बाईशी भांडले, माझ्या घरात तू काय करतेस म्हणून. ती घाबरली, तिचा नवरा आला, मी म्हटलं, "चेष्टा केली!" दोघं पोट धरून हसले. खाली येऊन मी त्या इमारतीच्या फाटकाशी बराच वेळ उभी होते, आमची कुठली ते ठरेना. एकदा जेवायला तीन ताटं घेतली. थोरली म्हणाली, "तिसरं कोणाचं?" मी म्हटलं, "आईचं, यायची वेळ झाली." म्हणाले आणि मग ऐकलं, काय म्हणाले ते. थोरलीनं माझ्याकडं बघितलं, मी जोरात हसले, चेष्टा केली! तिनं तिसरं ताट उचललं, पुसलं, ठेवून दिलं. लोकांना अशा वेळी नातेवाईक ओळखतात, डॉक्टर ओळखतात. माझं कोण ओळखणार? मी आयुष्यभर पायाच असा घातला होता! चेष्टा केली म्हटलं, की सुटलं! सुटलं, सुटलं, सगळंच सुटत चाललंय हातातून, आणि मंडळी टाळ्या देतायत!

मग थोरलीला म्हटलं, "आणि ते भांडं? गॅसवरचं?"

"तूच ठेवलं होतंस."

"मग तू 'मी' का म्हणालीस?"

तर ही भाजीवाली म्हणते काय, "तुझं नाव सांगितलं असतं तर त्यानं तुला लगेच पाठवलं असतं. मावशी ती मावशी. मी आई आहे त्याची. मला पाठवायला त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ आपण दोघी राहू."

...पाणी आहे का हो कोणाकडं? असू दे, असू दे. घसा नाही, हे डोळ्याचं. त्या नखांच्या रंगाचा वास येतोय ना, त्यानं.

मग मी पालक खायला लागले! अहो, एका बैठकीत! सत्तर वर्षांचा अनुशेष एका आठवड्यात भरून काढायचा होता! सकाळी पालक, दुपारी कोबी, संध्याकाळी मूठभर अक्रोड, आणि जेवून झालं की गुपचूप स्वतःची परीक्षा घ्यायची, पाच शब्द ठरवायचे आणि भांडी घासून झाल्यावर आठवायचे. आठवायचे नाहीत, तर आणखी एक वाटी पालक! पोट असं बिघडलं की विचारू नका. थोरली म्हणते, "अगं, भाजी म्हणजे काय लिफ्ट आहे का, बटण दाबलं की वर?" डॉक्टरही म्हणाला होता की, हे सगळं वर्षानुवर्षांचं गणित, आज सुरू केलं तरी फायदा असतो, पण चमत्कार नसतो. मला चमत्कारच पाहिजे होता हो! थोडासा! तीन महिन्यांपुरता!

कारण डॉक्टरनं आता काय काढलं? "धाकट्यांनाही तपासू. त्या ठीक असतील, तर थोरल्यांना घरी सांभाळू शकतील. त्या ठीक नसतील, तर मग..." भाचा म्हणाला, "तर मग आई एकीकडं, मावशी एकीकडं. मी तरी काय करू, तिथं एकच खाट आहे!" म्हणजे आली का माझी पाळी! आता मी माझ्या नावानं बसले की नापास. घर बंद. दोघी दोन टोकांना. आणि मग आईसारखं... तिला भेटायला तरी एक गेली की दुसरी मुलगी यायची.

थोरलीनंच काढली युक्ती. म्हणाली, "मी काठावर आहे ना? काठ तर काठ! तुझ्या नावानं मी बसते." म्हणून आज हा स्वेटर इकडं आणि तो तिकडं. मी म्हटलं, तुझ्या हातावर माझं नाव लिहून देऊ का? तर म्हणते, "शाळेत तुझ्या वाटचे मार मी खाल्ले, तुझं नाव विसरेन होय?" मी म्हटलं, बरं, पण आत गेल्यावर एक तरी चेष्टा कर! नुसती गंभीर बसलीस तर लगेच ओळखतील! ती बिचारी येताना जिन्यात पाठ करत होती, चेष्टा कशी करतात ते. तिला हसूसुद्धा बिल मागितल्यावर पैसे काढतात तसं येतं, काय चेष्टा करणार ती? आणि केव्हाची आत आहे! घड्याळाचं झालं असेल, शब्दांचं झालं असेल... बादली, जिना... ह्या खेपेला शब्द वेगळे असतील म्हणा. आजोबा, तुम्हाला काही ऐकू येतंय का आतलं? नाही? मला तर माझ्या छातीतलंच...

थांबा! दार! तिकडं लिफ्टला कान लावून उभ्या भाच्याला आत बोलावलं. मलाही! आले, आले! थोरली ना? हो, मीच थोरली! आले...

...सरका, सरका, पिशवी घ्यायला आलेय, म्हणजे पिशवी हातातच आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय जाववेना! झाली पास! काठावर, पण काठाच्या आत! डॉक्टर म्हणाला, "धाकट्या घर सांभाळू शकतील. दोघींना एकत्रच राहू द्या." भाच्यानं असा श्वास सोडला, की भिंतीवरचं मेंदूचं चित्र हललं!

पण ऐका तर खरं! डॉक्टर हसत हसत सांगतो काय, "ह्या धाकट्या आजी म्हणजे कमाल आहेत! बाईंनी नाव विचारलं, तर म्हणतात, मी थोरली! इतक्या गंभीर चेहऱ्यानं! आम्ही सगळे हसून बेजार! काय चेष्टा करतात!" म्हणजे कळलं का तुम्हाला? ही आत गेली, आणि खरंच सांगून बसली! आणि कोणी मानलंच नाही! चेष्टा केली म्हटलं, की सुटलं! माझं पुण्य तिच्या कामी आलं बघा!

तेवढ्यात भाचा वळला आणि म्हणाला, "मावशी, ऐक..." आणि मी म्हटलं, "काय रे?" सवयीनं! राखाडी स्वेटरात! डॉक्टरनं माझ्याकडं असं बघितलं, जसं दुकानदार फुटलेल्या अंड्याकडं बघतो. आणि खाली मान घालून लिहिलं. काय लिहिलं ते वाचायला चष्मा माझा नव्हता. म्हणजे बघा हं, चूक एकच! तिनं केली तर चेष्टा, मी केली तर आजार!

आणि कहर काय? डॉक्टर भाच्याला म्हणतो, "नवल आहे. एकच जीन दोघींत, पण जन्मभर भाजी खाल्लेल्या ह्या इतक्या खाली, आणि बिस्किटं खाल्लेल्या त्या वर! अर्थात दोघींवरून काही ठरत नसतं, पण माझ्या अभ्यासात एका ओळीत नोंद करीन." माझ्या जिभेला अशी खाज सुटली! अरे टकलू, उलटं आहे! भाजीवाली वर आहे, बिस्किटवाली खाली आहे, तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे! पण हे सांगावं, तर घर जातंय. आणि सांगितलं तरी मानणार कोण? म्हणतील, बिचाऱ्या, आपण कोण तेही आठवत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही तरी पालक खा. डॉक्टरच्या नोंदीवर जाऊ नका. निदान संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवा.

निघताना मी थोरलीच्या कानात विचारलं, "ते नाव तू मुद्दाम तसं सांगितलंस ना ग? चेष्टा केलीस ना?" तर ती माझ्याकडं बघून म्हणते, "कसली चेष्टा?" आणि तोंड इतकं निर्मळ, की मला काही कळेना. जन्मभर चेष्टा करणाऱ्याचं तोंड ओळखत आले, आणि हे तर माझंच तोंड!

आता डॉक्टरनं फर्मान काढलंय, थोरल्यांना एकटं सोडायचं नाही, काय खायचं, कधी झोपायचं, कुठं जायचं, ते सगळं धाकट्यांनी ठरवायचं. आले ग! ओरडू नकोस! बघितलंत? अर्धा तास उशिरा जन्मले म्हणून आयुष्यभर थोरलीचं ऐकलं. आज एकदाची थोरली झाले, आणि आज ऐकायचं धाकटीचं!